डॉब्सन वर्णपटप्रकाशमापक

जमिनीवरून सूर्यप्रकाश तपासून डोक्यावरच्या संपूर्ण हवेतील ओझोन मोजणारे उपकरण. ऑक्सफर्डचे भौतिकीविज्ञ गॉर्डन डॉब्सन यांनी ते १९२०च्या दशकात तयार केले. आरंभी वर्णपट छायाचित्रण-काचेवर घेत आणि कोडाईकनालसारख्या दूरच्या ठिकाणांहून त्या काचा मोजणीसाठी ऑक्सफर्डला पाठवत. दशक संपता संपता प्रकाशविद्युत पद्धतीचा नमुना आला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यात प्रकाशगुणक नळी बसली.

ओझोन जंबुपार किरण शोषतो, पण आखूड तरंगलांबीचे अधिक आणि लांब तरंगलांबीचे कमी. उपकरण अशा दोन शेजारच्या तरंगलांब्या निवडते, उदाहरणार्थ, ३०५.५ व ३२५.४ नॅनोमीटर. क्वार्ट्‌झच्या लोलकांनी वेगळे केलेले हे दोन झोत फिरती चकती आळीपाळीने नळीवर सोडते. निरीक्षक करड्या काचेची पाचर सरकवून प्रबळ झोत मंद करत जातो. दोन्ही समान झाले की तबकडीवरील आकड्यावरून त्यांचे गुणोत्तर आणि त्यावरून ओझोन कळतो. प्रकाशाची निरपेक्ष तीव्रता मोजावीच लागत नाही, हे या रचनेचे खरे मर्म. धुळीने व धुरानेही किरण अडतात. त्यांचा परिणाम वजा जावा म्हणून तरंगलांब्यांच्या दोन जोड्या एकत्र वापरतात.

मोजमापाच्या एककालाही डॉब्सन यांचेच नाव आहे. डोक्यावरच्या हवेच्या स्तंभातला सारा ओझोन ०° से. तापमानाला व प्रमाण वातावरणीय दाबाखाली आणला, तर त्याच्या थराची ०.०१ मिमी. जाडी म्हणजे १ डॉब्सन एकक. ३०० एकके म्हणजे जेमतेम ३ मिमी.; सूर्याच्या घातक किरणांपुढची ढाल एवढीच.

स्वित्झर्लंडमधील आरोसा येथील १९२६ पासूनची नोंदमाला जगात सर्वांत दीर्घ आहे. अंटार्क्टिकातील हॅली केंद्रावरच्या अशाच नोंदींवरून जो फार्मन, ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँकलिन यांनी १९८५ मध्ये तिथल्या वसंतातील ओझोनची मोठी घट जाहीर केली. वर्षानुवर्षे एकाच जागी, एकाच पद्धतीने मोजत राहिल्यामुळेच ती लक्षात आली. भारतीय हवामानशास्त्र विभागाने पुणे, दिल्ली व वाराणसी येथेही हे उपकरण वापरले आहे.

सूर्य ढगाआड असल्यास माथ्यावरच्या आकाशाचा विखुरलेला प्रकाश आणि रात्री चंद्रप्रकाशही चालतो, मात्र अचूकता घटते. १९८०च्या दशकापासून ओझोन मोजणारे स्वयंचलित ब्रूअर उपकरण अनेक केंद्रांवर आले. तरीही उपग्रहांची मापे पडताळण्यासाठी डॉब्सनच्या नोंदी वापरल्या जातात.