रक्तातले लेप्टिन की कमरेचा घेर?

मधुमेहाविषयी सुशिक्षितांत अलीकडे एक मत रूढ होऊ लागले आहे. वजनकाटा भारतीय माणसाला फसवतो, तेव्हा चरबीच्या पेशी रक्तात जी प्रथिने सोडतात ती मोजावीत. लेप्टिन, ॲडिपोनेक्टिन यांचे आकडे हाती आले की वरून सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्या आत काय चालले आहे ते कळेल, असे हे मत. मोठ्या प्रयोगशाळांच्या दरपत्रकांत या तपासण्या आल्याही आहेत. या मताचा पूर्वार्ध मला मान्य आहे. उत्तरार्ध चुकीचा आहे, आणि सोलापूरसारख्या कष्टकऱ्यांच्या शहरात तो नुकसानही करील.

पूर्वपक्ष तगडा आहे, म्हणून आधी तो नीट मांडतो. चरबी म्हणजे उरल्यासुरल्या अन्नाची निपचित साठवण, या समजाला 1994 साली मोठा धक्का बसला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिनचे जनुक शोधून काढले, आणि साठा किती उरला आहे हे चरबी स्वतःच मेंदूला कळवते, हे सिद्ध झाले. पुढच्या एकदोन वर्षांत ॲडिपोनेक्टिन सापडले. त्याची चाल उलटी: पोटातली चरबी वाढली की ते घटते. 2009 साली तेरा दीर्घकालीन अभ्यास एकत्र पडताळले गेले, त्यांत साडेचौदा हजार माणसे होती. ज्यांच्या रक्तात ॲडिपोनेक्टिन जास्त, त्यांना पुढे मधुमेह कमी, असा निष्कर्ष निघाला.

आणि आपल्या घरचा पुरावा पुण्याचा. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची बाळे यांचा पाठपुरावा केला. ही बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी, पण त्यांच्यात कमी पडले होते ते मांस. चरबी टिकून होती. लंडनच्या गोऱ्या बाळांशी केलेली तुलना 2002 साली प्रसिद्ध झाली, तीत वजनात एवढी तफावत असूनही नाळेच्या रक्तातले लेप्टिन जवळपास सारखेच भरले. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के.

इतके सगळे मान्य. पण यातून 'म्हणून प्रत्येकाचे लेप्टिन तपासा' हे कसे निघते? त्या छायाचित्रातला फरक शरीरातली चरबी मोजून सापडला होता, लेप्टिन मोजून नव्हे. नाळेच्या रक्ताचा अभ्यास हा दोन गटांचा अभ्यास होता. गटांच्या सरासरीत फरक दिसला म्हणून समोरच्या एका माणसाला या बाजूला की त्या बाजूला घालायचे, हे ठरत नाही, कारण निरोगी आणि आजारी माणसांचे आकडे एकमेकांत बेमालूम मिसळलेले असतात. म्हणूनच या प्रथिनांसाठी सर्वमान्य सीमारेषा आजवर आखता आलेली नाही.

लेप्टिनची अडचण तर मुळातच आहे. ते मुख्यतः कातडीखालच्या चरबीतून येते. धोका जास्त आहे तो आतड्यांभोवतीच्या चरबीत. म्हणजे ज्या चरबीची आपल्याला धास्ती, तिच्याबद्दलच हा आकडा कमी बोलतो. त्यात बायकांचे लेप्टिन पुरुषांपेक्षा स्वभावतःच कितीतरी जास्त असते. रात्री ते चढते, आणि दिवसभराच्या कडकडीत उपवासाने झपाट्याने उतरते. आपल्या जिल्ह्यात पंढरपूर आहे. आषाढीची निर्जळी केलेल्या माणसाचा दुसऱ्या दिवशीचा नमुना आणि त्याच माणसाचा आठवड्यानंतरचा नमुना वेगळा भरेल, पोटाचा घेर मात्र तोच असेल.

ॲडिपोनेक्टिनची बाजू अधिक भक्कम, पण तिलाही तडा आहे. हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांत ते जास्त असणे हे मृत्यूच्या वाढत्या धोक्याशी जोडलेले आढळले. ज्याला आपण रक्षक म्हणत होतो तोच संकटाची खूण ठरला. ज्यांच्या जनुकांतच ॲडिपोनेक्टिन जास्त लिहिलेले आहे, त्यांना मधुमेहापासून ठोस संरक्षण मिळते असेही दिसलेले नाही. आजाराबरोबर बदलणारी गोष्ट आजाराचे कारण असतेच असे नाही.

चरबीच्या प्रथिनांबाबत घाई झाल्याचे दाखलेही आहेत. 2005 साली 'सायन्स'मध्ये व्हिस्फॅटिन नावाचे प्रथिन गाजले; 2007 साली तो निबंध मागे घ्यावा लागला. उंदरांवरून माणसाचा अंदाज बांधणेही असेच घाईचे: रेझिस्टिन हे प्रथिन उंदरांत चरबीच्या पेशींतून येते, माणसात प्रामुख्याने दाहाशी संबंधित पांढऱ्या पेशींतून.

लेप्टिन मोजण्याला जागाच नाही, असे मी म्हणत नाही. जन्मतः लेप्टिन नसलेली मुले 1997 साली ओळखली गेली आणि तेच प्रथिन टोचून त्यांची अनावर भूक आवरली. पण असे आजार अतिदुर्मीळ.

सोलापुरातली विडी कामगार बाई डोळ्यांसमोर आणा. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पाने आणि तंबाखू, हातात कात्री. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने, म्हणून उठायला सवड नाही. हातपाय काटकुळे, वजन बेताचे, पोट पुढे आलेले. तिला लेप्टिनचे दर काय सांगायचे? तिच्या दारात आशाताई टेप घेऊन येते. तिशीपुढच्या प्रत्येकाची जी यादी ती भरते, तिच्यात कमरेचा घेर हा एक रकाना आहे. अडचण एवढीच की टेप परकराच्या नाडीवरून गुंडाळली जाते, आणि आवळलेल्या नाडीचा घेर खऱ्या घेरापेक्षा कमी भरतो. नाडी सैल करून, शेवटची बरगडी आणि खुब्याच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर माप घेतले तर पोटातल्या चरबीचा अंदाज लेप्टिनपेक्षा बरा येतो, आणि खर्च शून्य. याज्ञिकांच्या संशोधनाचा खरा अर्थ इथे उतरतो: वजन कमी म्हणून कुणाला निर्धास्त सोडू नका.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच. घेर पुरुषांत 90 सेंटिमीटरच्या आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या पुढे असेल, तर अंगकाठी कशीही असो, जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन रक्तातली साखर तपासून घ्या. लेप्टिनसाठी बाजूला काढलेले पैसे घरातल्या दुसऱ्या माणसाच्या एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या, तपासणीला वापरा.