डोंबिवली स्थानकावरची संख्या

वाचकहो, यंदा दिवाळीच्या पहाटे दारात ठिपक्यांची रांगोळी मांडाल, तेव्हा एक गंमत करून पाहा. पहिल्या ओळीत एक ठिपका, दुसरीत दोन, असे वाढवीत नवव्या ओळीत नऊ. मग उतरत उतरत पुन्हा एकावर या. ठिपके बरोबर ८१ भरतील, म्हणजे नवाचा वर्ग. आता ओळींचे आकडे सलग लिहा : १२३४५६७८९८७६५४३२१. ही सतरा अंकी संख्यादेखील वर्गच आहे. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या १११११११११ चा!

पाटीवर गुणाकार मांडला की कारण उमगते. प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. त्यामुळे शेवटच्या रकान्यात एकच एक येतो, त्याच्या डावीकडे दोन, आणि अगदी मधोमध नऊ. हातचा कोठेच घ्यावा लागत नाही. दहा वेळा एक लिहा, की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा येतो आणि उत्तर निघते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ नाहीसा झाला, शिडी मोडली!

अशा संख्यांना गणितात 'डेमलो संख्या' म्हणतात. डेमलो हे आमच्या डोंबिवली स्थानकाचे जुने नाव. या संख्यांची कल्पना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना त्याच स्थानकावर सुचली. त्यांनी पाहिले की मधला आकडा वगळून दोन्ही बाजूंची बेरीज केली, तर तोच आकडा पुन्हा पुन्हा उमटतो. १२३४३२१ घ्या : १२३ आणि ३२१ मिळून ४४४. आपल्या मोठ्या संख्येत सगळे नऊच येतात.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूचा, शालेय शिक्षण ठाण्यात. १९२९ साली ते बी. एस्सी. झाले आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तरकी केली. पुढची पदवी नाही, म्हणून अनेक विद्वानांनी त्यांचे काम पोरखेळ मानले. पुस्तिका त्यांना पदरमोड करून छापाव्या लागल्या. ६१७४ या संख्येचे नवल त्यांना १९४९ साली सापडले. पण १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी लिहिले, तेव्हा कोठे त्यांचे नाव जगभर झाले. १९८६ साली ते वारले.

मी स्वतः मॅट्रिक झालेला मास्तर. ही शिडी मी फळ्यावर मांडली, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे परीक्षेला आहे का?" मी "नाही" म्हणालो, आणि वर्गाने वह्या मिटल्या. मला वाईट वाटले. कापरेकरांनाही जन्मभर थोड्या वेगळ्या शब्दांत हाच प्रश्न विचारला गेला असेल. पण घंटा झाल्यावर एक मुलगी मागे रेंगाळली. "सर, अकरा वेळा एक लिहिला तर?" मी खडू तिच्या हाती दिला.

तुमच्या घरीही कोणी असे विचारील. रांगोळीत रंग भरण्याआधी ठिपके त्यालाच मोजू द्या.