टोकावरची पट्टी: वांकेल इंजिन, हिरोशिमा आणि आपलं नगर

आजचा भाग एका छोट्याशा पट्टीबद्दल आहे. लांबी साधारण बोटाएवढी, जाडी दोन-तीन मिलिमीटर. तिचं नाव एपेक्स सील. या पट्टीने एका कंपनीला रडवलं, दुसरीला घडवलं, आणि तिची गोष्ट आपल्या नगरपर्यंतही येते.

आधी इंजिन समजून घेऊ. केळशीच्या खाडीत होड्या लागतात, त्यांची डिझेल इंजिनं डोळ्यांसमोर आणा. इंजिनाची ताकद उतरली की संशय जातो पिस्टनच्या रिंगवर. रिंग झिजली की कॉम्प्रेशन गेलं. पण तिथे काम सोपं आहे: पिस्टन गोल, रिंग गोल, बोअरही गोल. आता पिस्टनच त्रिकोणी असेल तर?

जर्मनीच्या फेलिक्स वांकेलचं इंजिन असंच आहे. एनएसयू कंपनीत ते १९५७ मध्ये पहिल्यांदा चाललं. भुईमुगाच्या शेंगेसारखी मधे जराशी आवळलेली पोकळी, आणि तिच्यात फिरणारा फुगीर त्रिकोण, म्हणजे रोटर. वर-खाली होणारं काही नाही, व्हॉल्व्ह नाहीत. वजन कमी, ताकद भरपूर. पण त्रिकोणाची तिन्ही टोकं सतत भिंतीला घासत राहणार. वायू इकडून तिकडे जाऊ नये म्हणून प्रत्येक टोकाच्या खाचेत एक पट्टी, तिच्याखाली स्प्रिंग. सगळा डोलारा या तीन पट्ट्यांवर!

एनएसयूने १९६७ मध्ये आरओ ८० ही देखणी गाडी आणली. सीलं लवकर झिजू लागली, कंपनीला इंजिनामागून इंजिन बदलून द्यावं लागलं. १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवॅगनच्या पोटात गेली.

तिकडे हिरोशिमात माझदाने १९६१ मध्येच या इंजिनाचा परवाना घेतला होता. केनिची यामामोतो आणि त्यांचे सेहेचाळीस साथी कामाला लागले. इंजिन खोललं की भिंतीवर आडवे ओरखडे दिसायचे. जपानी मंडळींनी त्यांना नाव ठेवलं ‘सैतानाची नखं’. कारण होतं पट्टीचं थरथरणं. पट्टी भिंतीवर सरकण्याऐवजी टणटण उड्या मारत होती. पट्टीला आतून आडवी-उभी भोकं पाडून तिची कंपनं बदलली, तेव्हा ओरखडे थांबले. विक्रीच्या गाडीसाठी मात्र अॅल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची पट्टी निवडली. १९६७ च्या कॉस्मो स्पोर्टमध्ये तीच होती. पुढे ओतीव लोखंडाची पट्टी आली. आणि १९९१ मध्ये ल मांची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या ७८७बी गाडीत सिरॅमिकची!

आता आपल्याकडे या. लष्कराच्या ‘निशांत’ या चालकविरहित विमानाला परदेशी रोटरी इंजिन होतं. परक्याचं इंजिन म्हणजे सुट्या भागांसाठीही परक्याचंच तोंड बघायचं. म्हणून बंगळुरूच्या एनएएल आणि एडीई या संस्थांबरोबर नगरची व्हीआरडीई ही संस्था पुढे आली. इंजिनाचा गाभा एनएएलचा, इग्निशन आणि इंधनाची यंत्रणा नगरची. सुमारे ३० किलोचं, ५५ अश्वशक्तीचं देशी वांकेल इंजिन तयार झालं. ५ एप्रिल २००९ च्या सकाळी कोलारजवळ त्याने निशांतला आकाशात नेलं आणि सुमारे ४० मिनिटांनी विमान सुखरूप उतरलं.

यातलं सगळ्यात अवघड काम कोणतं, माहितीये? पोकळीच्या आतल्या भिंतीवरचा निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण मुलामा. पट्टी कितीही चांगली असो, भिंत तिच्या जोडीची नसेल तर दोघींतली एक मरणारच.

पुढे विमानाचं नशीब फिरलं, २०१५ मध्ये लष्कराने निशांतची खरेदी थांबवली. पण भिंत आणि पट्टीचं गणित हाताने सोडवण्याची विद्या एकदा देशात आली, ती विमानाबरोबर जात नाही.

आज कोणी जुनं रोटरी इंजिन बांधायला घेतलं, तरी प्रश्न तोच. कंपनीची लोखंडी पट्टी भिंतीला सांभाळून घेते, पण इंजिनात ठोके बसले तर तुटते आणि तुकडे सगळं फाडत जातात. स्टीलची पट्टी तुटण्याऐवजी वाकते, पण भिंत जास्त खाऊ शकते. सिरॅमिक हलकी, टिकाऊ आणि खिसा रिकामा करणारी. तेव्हा आधी भिंत तपासा, मग गाडी रोजची की शर्यतीची ते ठरवा, आणि पट्टी शेवटी निवडा. यामामोतोंच्या माणसांनी सहा वर्षं घालवून शिकलेला धडा तुम्हाला फुकटात मिळतोय!

भाग आवडला तर गाड्यांचं वेड असलेल्या मित्राला पाठवा. भेटू पुढच्या भागात.