गॉन्टियर, जीन

गॉन्टियर, जीन : (१८८५–१९६६). अमेरिकन मूकपटांतील अभिनेत्री, पटकथालेखिका आणि निर्माती. मूळ नाव जेनेव्हीव्ह लिगेट. मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे तिने वक्तृत्व आणि अभिनयाचे शिक्षण घेतले व पुढे फिरत्या नाटक कंपन्यांतून कामे केली. ‘कॅलेम’ कंपनीच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतील बहुतेक महत्त्वाच्या चित्रपटांमागे तिची लेखणी होती. त्या काळी नटनट्यांचीसुद्धा नावे पडद्यावर येत नसत, त्यामुळे ‘बेन हर’वरचा गाजलेला खटला चित्रपटाच्या अभ्यासकांना ठाऊक असतो, पण त्या चित्रपटाची पटकथा कोणी लिहिली हे क्वचितच.

रंगभूमीवरील नट हलत्या चित्रांकडे पोटापाण्याचा तात्पुरता उद्योग म्हणून पाहत. गॉन्टियरही १९०६ मध्ये न्यूयॉर्कला हाताला नाटक नसताना अशीच या धंद्यात आली. बायोग्राफ कंपनीच्या द पेमास्टर या तिच्या पहिल्या चित्रपटात खलनायक नायिकेला नदीत फेकून देतो असा प्रसंग होता. पोहता येत नसतानाही तिने तो दिला. पुढची काही वर्षे पडणे, बुडणे, घोड्यावरून उड्या घेणे हा तिच्या रोजच्या कामाचाच भाग होता.

जॉर्ज क्लाइन, सॅम्युएल लाँग आणि फ्रँक मॅरियन या तिघांनी १९०७ मध्ये नवी कंपनी काढली आणि आपल्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून (के-एल-एम) तिला ‘कॅलेम’ हे नाव दिले. दिग्दर्शक सिडनी ऑलकॉट होता. गॉन्टियर कंपनीची प्रमुख नायिका झाली आणि थोड्याच काळात लेखिकाही. पटकथा हा प्रकार तेव्हा जेमतेम रुजत होता. दिग्दर्शक मनात गोष्ट जुळवायचा आणि जागेवर नटांना सांगायचा. पण दर आठवड्याला नवे रीळ बाजारात आणायचे, तर गोष्टींचा अखंड पुरवठा हवा आणि कोणत्या दृश्यात काय घडते याचा कागदही हवा. ही गरज तिने भागवली. मार्क ट्वेनचा टॉम सॉयर हा तिच्या आरंभीच्या रूपांतरांपैकी एक. गाजलेली कादंबरी किंवा नाटक उचलावे आणि एका रिळात बसवावे, असा सगळ्याच कंपन्यांचा रिवाज होता. मूळ लेखकाला विचारण्याची पद्धत नव्हती.

बेन हर (१९०७) याच रिवाजातून आला. ल्यू वॉलेसच्या १८८० सालच्या कादंबरीचे नाटक रंगभूमीवर जोरात चालू होते. गॉन्टियरने सगळा पसारा सोळा दृश्यांत आवळला आणि चित्रपट एका रिळात संपवला. वॉलेस तोवर वारला होता. त्याचा वारस, प्रकाशक हार्पर ब्रदर्स आणि नाटकाचे निर्माते यांनी कॅलेमवर दावा लावला. कंपनीचा बचाव असा, की चित्रपट म्हणजे छायाचित्रांची मालिका. त्यात संवाद नाहीत, मग त्याला नाट्यरूपांतर कसे म्हणायचे? १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी हा बचाव फेटाळला. नाट्य शब्दांइतकेच कृतीतूनही घडते, असे त्यांचे म्हणणे. कॅलेमला २५,००० डॉलर मोजावे लागले आणि कथेचे हक्क आधी विकत घेणे सगळ्याच कंपन्यांना भाग पडले. निकालाचा दुसरा अर्थ गॉन्टियरच्या बाजूचा होता: मुक्या चित्रपटालाही लेखन असते, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले होते. पण खटल्याच्या नावात होती ती कंपनी आणि प्रकाशक.

थंडीच्या दिवसांत न्यूयॉर्कचा उजेड अपुरा पडे, म्हणून १९०८ पासून कॅलेमचा तांडा हिवाळ्यात फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिलला जाऊ लागला. तिथल्या दक्षिणी वातावरणातून नॅन ही यादवी युद्धातील गुप्तहेर मुलगी जन्मली. द गर्ल स्पाय (१९०९) आणि त्यानंतरच्या भागांत नॅन मुलाच्या वेशात शत्रूच्या छावणीत शिरते, घोडा फेकते, पूल उडवते. लिहिणारी आणि अंगाला खरचटून घेणारी बाई एकच होती. शेवटी कंटाळून तिने नॅनचे लग्न लावून युद्धच संपवून टाकले. प्रेक्षक ऐकेनात, तेव्हा ‘आजवर न सांगितलेला प्रसंग’ अशी सबब काढून तिला नॅनला परत आणावे लागले. द पेरिल्स ऑफ पॉलीन (१९१४) सारख्या साहसमालिकांचा उगम शोधणाऱ्यांनी नॅनपासून सुरुवात करायला हवी. द ग्रँडमदर (१९१०) हा एक चित्रपट तिने दिग्दर्शितही केला. या वाटेने ती पुढे फारशी गेली नाही.

१९१० मध्ये ऑलकॉट, गॉन्टियर आणि छायालेखक जॉर्ज हॉलिस्टर आयर्लंडला गेले. द लॅड फ्रॉम ओल्ड आयर्लंड हा अमेरिकन कंपनीने युरोपात प्रत्यक्ष स्थळी जाऊन चित्रित केलेला पहिला कथापट मानला जातो. पटकथा आणि नायिका गॉन्टियरच. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आयरिश लोकांना मायदेशाच्या वाटा पडद्यावर दिसल्या आणि चित्रपट चालला. पुढच्या वर्षी मोठा संच केरी परगण्यातील बोफर्ट या खेड्यात जाऊन राहिला. द कॉलीन बॉन हा तीन रिळांचा चित्रपट, रोरी ओमोर आणि आरा-ना-पोग तिथलेच. यांपैकी काहींत इंग्रजांविरुद्धच्या आयरिश उठावाच्या गोष्टी असल्याने सरकारी वर्तुळात नाराजी उमटली. गावच्या धर्मगुरूंनीही या नाटक्यांवर तोंडसुख घेतले.

डिसेंबर १९११ मध्ये संच इजिप्तला निघाला. तिथे उन्हाचा झटका बसून अंथरुणाला खिळलेली असताना ख्रिस्तचरित्राची कल्पना सुचली, असे तिने आठवणींत लिहिले आहे. तिच्या पटकथेवरून फ्रॉम द मँजर टू द क्रॉस (१९१२) हा पाच रिळांचा चित्रपट इजिप्त आणि पॅलेस्टाइनमध्ये घडला. मेरी तिने केली, येशू इंग्लिश नट रॉबर्ट हेंडरसन-ब्लँड याने. हेरोदच्या भीतीने पळालेले कुटुंब खऱ्या स्फिंक्स आणि पिरॅमिडांसमोर थांबते, हे दृश्य आजही पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर १९१२ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये धर्मगुरूंसाठी त्याचा खेळ झाला, वृत्तपत्रांत वाद पेटला. १९१३ मध्ये ब्रिटिश चित्रपट सेन्सॉर मंडळ कामाला लागले तेव्हा त्याच्याकडे लेखी नियम दोनच होते: नग्नता नको आणि पडद्यावर येशू नको. (दादासाहेब फाळके यांनी मुंबईत पाहिलेला ख्रिस्तपट हा नव्हे, ते दर्शन याच्या चित्रीकरणाआधीचे आहे.)

चित्रपटाने कॅलेमला अमाप पैसा दिला, पण मालकांशी बिनसलेच. ऑलकॉट आणि गॉन्टियर दोघेही बाहेर पडले. डिसेंबर १९१२ मध्ये तिने ‘जीन गॉन्टियर फीचर प्लेअर्स’ ही स्वतःची कंपनी काढली. सोबतीला ऑलकॉट आणि तिचा नवरा, नट जॅक क्लार्क. आता नाव कंपनीवरच होते. आयर्लंडमध्ये फॉर आयर्लंड्स सेक सारखे चित्रपट झाले, तरी मोठ्या वितरकांच्या पकडीत छोट्या निर्मात्याचा टिकाव लागेना. ऑलकॉट निघून गेला. १९१५ मध्ये ती आणि क्लार्क युनिव्हर्सलकडे गेले. तिथल्या कारखानी शिस्तीत कथा निवडण्यापासून कपडे ठरवण्यापर्यंत सगळे पाहणाऱ्या बाईला जागा उरली नव्हती. थोड्याच काळात तिने अभिनय सोडला. १९१८ मध्ये घटस्फोट झाला.

कॅन्सस सिटीत काही काळ तिने नाट्य-चित्रपट समीक्षा लिहिली. धाकटी बहीण मार्गरिट ही ‘इलेक्ट्रोलक्स’चा संस्थापक, स्वीडिश उद्योगपती अ‍ॅक्सेल वेनर-ग्रेन याची पत्नी. त्या नात्याने गॉन्टियरचा पुढचा बराच काळ युरोपात गेला. ब्लेझिंग द ट्रेल या तिच्या आठवणी वुमन्स होम कम्पॅनियन मासिकात १९२८-२९ मध्ये क्रमशः आल्या. कॅबेजेस अँड हार्लेक्विन्स (१९२९) आणि स्पोर्टिंग लेडी (१९३३) या तिच्या कादंबऱ्या. तीनशेहून अधिक पटकथा लिहिल्या हा तिचा दावा उपलब्ध नोंदींशी जुळत नाही. तिच्या आठवणी सावधपणे वाचाव्यात, पण टाळू नयेत. कॅलेमच्या आरंभकाळाबद्दल आतल्या माणसाने लिहिलेले इतके तपशीलवार दुसरे काही मिळणे कठीण.

मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे १८ डिसेंबर १९६६ रोजी तिचे निधन झाले. फ्रॉम द मँजर टू द क्रॉस १९९८ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत दाखल झाला. आयर्लंडमधील उरलेसुरले कॅलेमपट २०११ मध्ये एकत्र प्रकाशित झाले, आणि त्यांच्यावरच्या पीटर फ्लिन यांच्या माहितीपटाला तिच्या आठवणींचेच नाव आहे.