लाईट बिल जास्त आलंय? रक्कम नंतर, आधी रीडिंग बघा. गॅसच्या पावतीचंही तसंच

किकवी (ता. भोर) : लाईट बिल हातात आलं की आपण थेट खालची रक्कम बघतो. जास्त दिसली तर कुरकुर करतो आणि भरून टाकतो. पण चूक असेल तर ती रकमेत नाही, वरच्या रीडिंगमध्ये सापडते.

मीटर आणि बिल जुळवा

बिलावर 'मागील रीडिंग' आणि 'चालू रीडिंग' असे दोन आकडे असतात. त्यांतला फरक म्हणजे तुम्ही वापरलेले युनिट. बिल आलं की मीटरवरचा आकडा बघा. तो बिलातल्या चालू रीडिंगपेक्षा थोडा जास्तच असायला हवा. कमी असेल तर बिल चुकलंय. लगेच मीटरचा फोटो काढून ठेवा.

घर बंद, बिल सरासरीचं

भात लावणीत सगळे शेतात असतात, काहींची घरं मुलं पुण्यात असल्यानं बंद असतात. मीटर आत असेल तर रीडिंग मिळत नाही. मग चालू रीडिंगच्या जागी 'लॉक' किंवा तसा शेरा येतो आणि अंदाजानं सरासरी बिल निघतं. पुढे खरं रीडिंग मिळालं की मागचे युनिट एकदम धरले जातात. इथंच लक्ष द्या.

घरगुती दराचे टप्पे महिन्याप्रमाणे आहेत : 100 युनिटपर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. दुसऱ्या टप्प्यातला वीज आकार पहिल्याच्या दुपटीच्या आसपास जातो. समजा दोन महिन्यांत 180 युनिट जळाले. महिन्याला 90 धरले तर सगळे स्वस्त टप्प्यात बसतात. एकाच महिन्याचे धरले तर 80 युनिटला महाग दर लागतो. बिल जितक्या महिन्यांचं, तितक्या महिन्यांत युनिट विभागले गेले पाहिजेत. तसं नसेल तर बिल दुरुस्त करून मागा, तो तुमचा हक्क आहे. रीडिंग घ्यायला येतील तेव्हा घर बंद असणार असेल तर महावितरणच्या मोबाईल अ‍ॅपवरून मीटरचा फोटो स्वतः पाठवता येतो.

बाकीचे आकार कसले?

- स्थिर आकार : वीज वापरा न वापरा, दरमहा लागतो.
- वीज आकार : युनिटप्रमाणे, टप्प्यानुसार.
- वहन आकार : वीज घरापर्यंत आणण्याचा, प्रत्येक युनिटमागे.
- इंधन समायोजन आकार : कमी-जास्त होतो.
- वीज शुल्क : राज्य सरकारचा कर, घरगुती ग्राहकांना 16 टक्के.

दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो, गावातला वायरमन नाही. मुदत चुकली तर 1.25 टक्के विलंब आकार लागतो.

एक युनिट म्हणजे किती?

1000 वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. 2000 वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो, 10 वॅटचा एलईडी बल्ब 100 तासांत.

'आज रात्री लाईट कापणार' असा मेसेज आला तर

घाबरू नका. थकबाकीसाठी वीज तोडायची तर 2003 च्या वीज कायद्यानुसार आधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. कुणाच्या खासगी नंबरवरून आलेली लिंक उघडू नका, ओटीपी देऊ नका. खात्री करायची किंवा तक्रार द्यायची तर 1912 वर फोन करा. बिलावरचा 12 अंकी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा. तक्रार क्रमांक लिहून घ्या. दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे.

गॅसची टाकी : पावती आणि वजन

घरगुती टाकीत 14.2 किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं. ते 15.8 किलो असेल तर भरलेली टाकी 30 किलो भरली पाहिजे. टाकी घेतानाच वजन करून मागा आणि सील बघा. पावती घ्या, पावतीवर छापलेलीच रक्कम द्या. स्वतः गोडाऊनवरून टाकी आणली तर घरपोच खर्चाची सूट मागा. मोबाईलवर आलेला कोड टाकी दारात आल्यावरच सांगा.

उज्ज्वला योजनेत टाकीचे पूर्ण पैसे आधी द्यावे लागतात, अनुदान नंतर आधारशी जोडलेल्या खात्यात येतं. आलं नाही तर पासबुक आणि पावत्या घेऊन एजन्सीत जा. गॅस गळतीसाठी 1906.

दर महिन्याला एकाच तारखेला मीटरचा फोटो काढा आणि गॅसच्या पावत्या एका पिशवीत ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर हाच पुरावा उपयोगी पडतो.