सुट्या पानांचा दस्तऐवज

न्यूझीलंड ज्या करारावर उभा आहे, तो ब्रिटिश राजसत्ता आणि तिथले मूळ रहिवासी माओरी यांच्यातला वाइतांगीचा करार म्हणजे नऊ सुटे कागद. ६ फेब्रुवारी १८४० रोजी वाइतांगी इथे पहिल्या सह्या झाल्या. त्यानंतर मिशनरी आणि सरकारी अधिकारी कराराच्या प्रती घेऊन गावोगाव हिंडले, आणि त्या वर्षभरात पाचशेहून अधिक माओरी प्रमुखांच्या सह्या व खुणा या नऊ कागदांवर जमल्या. त्यांतले आठ माओरीत आहेत, एक इंग्रजीत. नऊही मिळूनच करार पुरा होतो.

हे कागद वाचले ते नशिबाने. ऑकलंडमधल्या सरकारी कचेरीला १८४१ साली आग लागली, तेव्हा ते जेमतेम बचावले. पुढे राजधानी वेलिंग्टनला हलली आणि तिच्याबरोबर कागदही गेले. १९०८ साली इतिहाससंग्राहक डॉ. थॉमस हॉकन यांना ते जुन्या सरकारी इमारतीच्या तळघरात सापडले. तोवर कडा पाण्याने गेल्या होत्या आणि काही भाग उंदरांनी कुरतडला होता.

मात्र त्याआधीच, १८७७ साली, एक शहाणपणाचं काम होऊन गेलं होतं. हॅन्सन टर्टन यांनी संकलन केलं; सरकारी छापखान्याने सगळ्या कागदांच्या प्रतिमा फोटोलिथोग्राफीने, म्हणजे फोटोवरून ठसा उठवून, घेतल्या आणि माओरी प्रमुखांच्या १८३५ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यासह त्या एका पुस्तकात छापल्या. सुट्या कागदांची चित्रं क्रमाने लावून एकच दस्तऐवज करायचा, हे आज ब्राउझरमध्ये चार क्लिकमध्ये होणारं काम त्या देशात असं कॅमेरा आणि शाईने झालं. मूळ कागद तळघरात झिजत असताना त्यांचं रूप पुस्तकात शाबूत राहिलं.

करारानंतर जपणुकीची पुढची कसोटी वर्तमानपत्रांची होती. माओरी भाषेतलं पहिलं नियतकालिक ‘ते कारेरे ओ नुई तिरेनी’ सरकारने १८४२ साली सुरू केलं. सरकारच्या आवाजाला उत्तर देणारा आवाजही पुढे उठला. १८५९ च्या सुरुवातीला विरेमू तोएतोए आणि ते हेमारा रेरेहाऊ हे दोघे माओरी ऑस्ट्रियाच्या ‘नोव्हारा’ जहाजातून व्हिएन्नाला निघाले आणि तिथल्या शाही छापखान्यात मुद्रण शिकले. परतताना त्यांना छापयंत्र भेट मिळालं. त्याच यंत्रावर न्गारुआवाहिया इथे माओरींनी स्वतः निवडलेल्या राजाच्या बाजूचं ‘ते होकिओई’ निघू लागलं. पातारा ते तुही त्याचे संपादक होते.

त्याला तोंड द्यायला जॉन गोर्स्ट या सरकारी अधिकाऱ्याने १८६३ च्या फेब्रुवारीत ते आवामुतू इथून ‘ते पिहोइहोई मोकेमोके’ काढलं. मार्चमध्ये राजाच्या बाजूचे प्रमुख रेवी मानिआपोतो यांच्या माणसांनी छापखान्यावर चाल केली आणि यंत्र उचलून नेलं. जुलैमध्ये ब्रिटिश फौजा राजाच्या वायकाटो प्रदेशात घुसल्या. त्याच सुमारास ‘ते होकिओई’ही थांबलं.

अशा वर्तमानपत्रांचे विखुरलेले अंक आधी ग्रंथालयांनी जपले, मग ते मायक्रोफिल्मवर आणि मायक्रोफिशवर गेले. १९९५ च्या सुमारास हॅमिल्टनच्या वायकाटो विद्यापीठात इयान विटन यांच्या पुढाकाराने न्यूझीलंड डिजिटल लायब्ररी प्रकल्प आकाराला आला. त्यातून ‘ग्रीनस्टोन’ ही मोफत, खुली संगणकप्रणाली तयार झाली. युनेस्कोने ती पुढे जगभर पोचवली, आणि तिच्या दर्शनी भागाचं मराठी भाषांतरही झालं.

याच ग्रीनस्टोनवर ‘निउपेपा’ हा संग्रह उभा राहिला. १८४२ ते १९३२ या काळातली चौतीस नियतकालिकं, सुमारे सतरा हजार पानं. त्यांचा मोठा भाग निव्वळ माओरीत आहे. वाचकाला पानाची प्रतिमाही दिसते आणि तिच्यातला मजकूरही शोधता येतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या भांडणाच्या दोन्ही बाजू आता एकाच पडद्यावर वाचता येतात.

न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००१ साली ‘पेपर्स पास्ट’ हे जुन्या वर्तमानपत्रांचं संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा तिथे फक्त पानांची चित्रं होती. तारीख ठाऊक असेल तर पान सापडे, नाहीतर एकेक अंक चाळत बसावं लागे. २००७ साली मजकुरात शोध घेण्याची सोय आली आणि संग्रहाचा उपयोगच बदलला. तिच्यामागचं काम समजून घेण्याजोगं आहे. प्रत्येक पानाच्या प्रतिमेतली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेतात. कोणता शब्द पानावर नेमका कुठे आहे, हे एका फायलीत नोंदवतात. कोणतं पान कोणत्या अंकाचं, कोणती बातमी पुढच्या रकान्यात चालू राहते, हे दुसऱ्या फायलीत. म्हणून शोधलेला शब्द मूळ छापील पानावरच उठून दिसतो. २०१६ साली मासिकं, पत्रं, रोजनिश्या आणि संसदेचे कागदही याच छताखाली आले. डोनाल्ड मॅक्लीन या अधिकाऱ्याला माओरींनी लिहिलेली सुमारे तीन हजार पत्रंही तिथे आहेत.

हे संस्थांचं काम घरच्या संगणकापर्यंत आणलं ते पीडीएफने. अडोबी कंपनीने १९९३ साली आणलेला हा प्रकार २००८ साली आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्याआधीच, २००५ साली, दीर्घकाळ जतनासाठी ‘पीडीएफ-ए’ हे वेगळं मानक आलं होतं. आता ऑकलंडमधलं मराठी घर व्हिसाच्या अर्जासाठी दाखल्यांचे फोटो ब्राउझरमध्ये टाकतं, ओढून क्रम लावतं आणि एकच फाइल उतरवून घेतं. काही साधनं फोटो दूरच्या सर्व्हरवर पाठवून जोडतात, काही आपल्याच ब्राउझरच्या आत. पासपोर्ट किंवा जन्मदाखला असेल तेव्हा दुसऱ्या प्रकारचं साधन निवडावं.

न्यूझीलंडच्या अनुभवाचं सार असं, की चित्रं जोडल्याने फाइल होते, पण दस्तऐवज व्हायला क्रम, तारीख, ठिकाण आणि शोधता येणारा मजकूर लागतो. ‘पेपर्स पास्ट’ची २००१ ते २००७ ही सहा वर्षं त्याची साक्ष आहेत.

मराठी घरांतही आजोबांची पत्रं, लग्नपत्रिका, सातबाऱ्याचे उतारे, मंडळांच्या स्मरणिका ट्रंकेत पडून आहेत. कागद दोन्ही बाजूंनी टिपावेत. फायलींना ०१, ०२, ०३ असे आकडे द्यावेत, म्हणजे दहावं पान दुसऱ्याच्या आधी येणार नाही. पहिल्या पानावर कोणाचं, कुठलं आणि कोणत्या साली, हे टंकून घालावं. मूळ फोटो वेगळे ठेवावेत, कारण जोडताना पुष्कळ साधनं चित्र दाबून बारीक करतात. आणि फाइल तयार झाली म्हणून मूळ कागद रद्दीत घालू नयेत. पुढच्या सुट्टीत एक गठ्ठा तरी उघडावा आणि ज्यांना त्यातली अक्षरं ओळखता येतात, त्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवूनच हे काम करावं.