तळटीप : मिठागराचे मीठ आणि गलगंड

‘वसईच्या मिठागरातलं मीठ खाणाऱ्याचा गळा सुजत नाही’ हे गास गावच्या आजीचे विधान लेखकाने जसेच्या तसे ठेवले आहे. ते निम्मेच खरे. समुद्राच्या पाण्यात आयोडीन असते, पण उन्हात वाळवलेल्या मिठात ते नगण्य उरते. आजीचा गळा राखला असेल तो बहुधा अर्नाळ्याच्या नाहीतर पाचूबंदरच्या बाजूने आलेल्या मासळीने. सुके बोंबीलही त्यात आलेच.

गळ्यातील अवटू ग्रंथी (थायरॉईड) रक्तातले आयोडीन ओढून थायरॉक्सिन बनवते. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. हे संप्रेरक थेट रक्तात उतरते आणि पेशींनी ऊर्जा किती वेगाने वापरायची ते ठरवते. त्यावर मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीची नजर असते : थायरॉक्सिन कमी पडले की ती अवटूला कामाला लावणारे टीएसएच हे संप्रेरक वाढवते, पुरेसे झाले की हात आखडता घेते. आयोडीनच मिळाले नाही तर हा तगादा थांबत नाही, आणि राबून राबून अवटू फुगते. तोच गलगंड. म्हणजे गाठ दिसते मोठी, काम मात्र अपुरे!

प्रौढाची आयोडीनची रोजची गरज 150 मायक्रोग्रॅम, गर्भवतीची त्याहून जास्त. कारण बाळाच्या मेंदूची वाढही यावरच अवलंबून. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी 1956 पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ वाटून गलगंड घटतो हे दाखवले. 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. खाण्यासाठी साधे मीठ विकण्यावर 2006 पासून देशभर बंदी आहे, मिठागराकाठीसुद्धा.